तापवून न पाहिलेली डबी

नार्सिसने एखादी डबी उघडून हुंगली आणि "गेली" म्हटलं, की आमच्या वाल्सोर्दा गावात त्यावर कुणी वाद घालत नसे. बाहेरगावाहून पार्सलने डब्या पाठवणारेही घालत नसत. साबणाच्या वडीएवढी ही काळी डबी जुन्या मोटारसायकलच्या टाकीखाली बसते आणि इंजिनाला ठिणगी पुरवते. ज्या फॅक्टरीत ती बनायची तिच्या आवारात आता फरशांचं गोदाम आहे. डबीच्या आत केसासारख्या तारेची कॉइल, एक छोटं सर्किट, आणि वरून राळ ओतून सगळं कायमचं बंद केलेलं. बिघडली की फेकायची, उघडायची नाही, असाच बनवणाऱ्यांचा विचार होता. नार्सिस त्याच फॅक्टरीत सर्किटं जोडायचा. फॅक्टरीला टाळं लागलं आणि त्याने फेकायच्या डब्या उघडायला सुरुवात केली.

उघडायच्या म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवायच्या. राळ नरम झाली की बाहेर काढायची आणि दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेल्या आकडीने कणाकणाने कोरत बसायचं. घाई केली की तार तुटली. ओव्हनमधून असा वास सुटायचा की दर गुरुवारी घरात होणाऱ्या भातालाही तो लागायचा. बायको रेमेई नाकाला पदर लावावा तसा ॲप्रन लावून ओरडायची, "माझ्या आईने हा ओव्हन कोंबडीसाठी घेऊन दिला होता रे! तिला कळलं असतं तर तुलाच आत घातलं असतं."

"मी मावलो नसतो," नार्सिस म्हणायचा.

"मावेपर्यंत मी कोरलं असतं तुला!"

या डब्यांचा रोग मोठा लबाड. सकाळी गार असताना गाडी पहिल्या किकला सुरू होते. घाट चढताना डबी तापते, आत कुठेतरी तुटलेल्या तारेची टोकं एकमेकांपासून सुटतात, आणि इंजिन गप्प होतं. माणूस उतरतो, सिगारेट ओढतो, तेवढ्यात डबी गार होते आणि गाडी पुन्हा सुरू. लोक वर्षानुवर्षं कार्बोरेटर साफ करतात, प्लग बदलतात, पेट्रोल पंपवाल्याच्या आईबापाचा उद्धार करतात. म्हणून नार्सिसचा एक नेम होता. दुरुस्त झालेली डबी तो कॉफीच्या भांड्याशेजारी शेगडीवर ठेवायचा, हात लावला तर भाजेल इतकी तापवायचा आणि मग ठिणगी पाहायचा. "गारपणी सगळ्याच शहाण्या असतात," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तापवून पाहिल्याशिवाय त्याच्या घरातून डबी बाहेर पडली नव्हती.

रेमेईचा आणि या डब्यांचा संबंध त्याच्याहून जुना. ती त्याच फॅक्टरीत कॉइल भरायची. कॉइल भरणाऱ्या मुलींची खोली वेगळी होती, आणि कुणाची कॉइल खराब निघाली ते कळावं म्हणून प्रत्येकीला एक रंग दिलेला होता. शेवटचा वेढा झाला की आपल्या रंगाच्या दोऱ्याने गाठ मारायची. लाल, हिरवा, पिवळा आधीच्या मुलींनी उचलले. रेमेई सगळ्यांत शेवटी कामाला लागली, तेव्हा जांभळा उरला होता. ईस्टरआधी आमच्याकडे चर्चमधल्या मूर्ती ज्या रंगाच्या कापडाने झाकतात तो हा रंग, त्यामुळे कुणी घ्यायला तयार नव्हतं. रेमेईने तो घेतला आणि म्हणाली, "मूर्तींना चालतो, तर तारेला चालेल." तिची गाठही वेगळी असायची. दोऱ्याचं टोक ती आतल्या वेढ्याखाली असं सरकवून द्यायची की वर फुगवटा येत नसे. नार्सिस तिच्या प्रेमात पडला तो ती गाठ बघून, असं ती लोकांना सांगायची. तो नाही म्हणत नसे.

कॉइल जळलेली असली की ती कापून काढावी लागते आणि तिच्या जागी नवी भरावी लागते. रेमेई जिवंत होती तोवर राळेतून जांभळा दोरा वर आला की नार्सिस हाक मारायचा, "अगं, तुझी आली!" ती हात पुसत यायची, चष्मा लावायची आणि स्वतःच कात्रीने कचाकच कापून टाकायची. "पगारासाठी केलेलं काम आहे, देव्हाऱ्यात काय ठेवतोस? टाक डब्यात." पत्र्याच्या डब्यात ती कॉइल इतर मुलींच्या कॉइलींवर पडायची, आणि रेमेई परत कांदा चिरायला जायची.

दोन हिवाळ्यांमागे साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. दफनाच्या आसपासच्या दिवसांत गिऱ्हाइकांचेही फोन येत होते, नातेवाइकांचेही. नार्सिस भिंतीकडे तोंड करून सगळ्यांना एकच शब्द सांगत होता. लेरिदाच्या एका मास्तरला वाटलं की आपली डबी गेली, आणि तो बिचारा म्हणाला, "हरकत नाही, दुसरी मिळेल." नार्सिसने फोन खाली ठेवला.

त्यानंतर जांभळ्या दोऱ्याची पहिली डबी आली ती उन्हाळ्यात. राळ कोरता कोरता दोरा दिसला आणि हाक त्याच्या तोंडातून निघून गेली, "अगं, तुझी..." घर रिकामं होतं. कॉइल आतून जळालेली होती. त्याने कात्री घेतली, गाठीवर टेकवली आणि तशीच धरून बसला. मग कात्री ठेवली. डबी रेमेईच्या कपांच्या फळीवर उचलून ठेवली आणि मालकाला कळवलं, "उघडताना गेली."

खोटं पचलं, कारण उघडताना डब्या खरंच जातात. पुढची जांभळी आली तीही गेली. मग आणखी. जिचा दोरा लाल किंवा हिरवा, ती दुरुस्त होऊन, शेगडीवर तापून, ठणठणीत घरी जायची. जांभळ्या मात्र कपांमागे ओळीने जमत गेल्या. ज्याच्या शब्दावर लोक समुद्रापलीकडून पार्सलं पाठवत होते तो माणूस स्वयंपाकघरात बसून चक्क खोटं बोलत होता, आणि मला विचाराल तर त्याला त्याची लाजही नव्हती. दुःखाने माणूस भला होतो असं म्हणणाऱ्यांनी ती फळी बघायला हवी होती.

मग पुढच्या जूनमध्ये बाल्दिरी आला.

बाल्दिरी रेमेईचा थोरला भाऊ. जन्मभर ट्रक चालवला, आता फुप्फुसं निकामी झालेली. दारातल्या पायऱ्या चढून आला की भिंतीला टेकायचा आणि श्वास सापडेपर्यंत डोळ्यांनीच शिव्या द्यायचा. नार्सिस आणि तो एकमेकांना मेहुण्याच म्हणत, नावाने कधी नाही.

"मेहुण्या, आहेस का गेलास तूही?"

"आत ये. वास सहन होईल का?"

"वास घ्यायला आत हवा जायला हवी ना." त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेली डबी काढून टेबलावर ठेवली. "घाटात बंद पडली. थांबलो, थुंकलो, तुझ्या नावाने दोन शिव्या दिल्या, की चालू. म्हणजे तुझाच रोग."

नार्सिसने डबीला हात लावला नाही. ती कुणाची आहे हे त्याला न उघडताच माहीत होतं. बाल्दिरीने गाडी घेतली तेव्हा रेमेईने जोडणीखात्यातल्या पोरांना दटावून त्या गाडीत स्वतःच्या कॉइलीची डबी बसवून घेतली होती. भावाच्या गाडीत परकीची गाठ नको म्हणाली होती.

"सान क्रिस्तोफोलला हवी," बाल्दिरी म्हणाला.

सान क्रिस्तोफोल हा गाडीवाल्यांचा संत. जुलैत त्याच्या दिवशी आमच्याकडे गाड्यांवर पाणी शिंपडतात. ट्रक, ट्रॅक्टर, मोटारी, मोटारसायकली, सगळ्या चर्चच्या चढावर रांग लावतात आणि पाद्री रोझमेरीच्या डहाळ्यांच्या जुडीने प्रत्येकीवर पाणी उडवतो. एकच अट, इंजिन चालू पाहिजे. रांगेत कितीही वेळ लागो, ऊन कितीही असो, कुणी इंजिन बंद करत नाही, आणि बंद पडलेल्या गाडीवर कुणी पाणी घेत नाही. ढकलत आणलेल्या गाडीवर पाणी घेणं म्हणजे वर्षभराचं संकट मागून घेणं, असं ट्रकवाले मानतात. बाल्दिरीचं त्या रांगेतलं एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. पूर्वी ट्रक घेऊन, आता या मोटारसायकलवर.

"यंदा राहू दे," नार्सिस म्हणाला. "धूर असतो तिथे. तुझी छाती..."

"छातीचंच सांगतोय. पुढच्या वर्षाचं विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघतो. मला यंदा त्या चढावर जायचंय. चालत नाही, गाडीवर. समजलं? आणि फळीवरच्यांसारखी ही 'उघडताना गेली' असं मला सांगू नकोस. मी आंधळा नाही."

नार्सिसचे कान लाल झाले. "करतो," एवढंच तो म्हणाला.

त्याने डबी उघडली. जांभळा दोरा जसाच्या तसा होता, टोक आत सरकवलेलं, फुगवटा नाही. तार गाठीच्या अगदी खाली, सगळ्यांत वरच्या वेढ्यात तुटलेली होती. तिथे केसाएवढ्या तारेचा तुकडा घालून कथलाचा डाख दिला असता तर दोरा न कापता जोड बसला असता. पण खालचे वेढे तपकिरी पडलेले होते, आणि जळक्या वार्निशचा जो वास त्याला झोपेतही ओळखता आला असता तो वास येत होता. एक जोड बसेल, आणि तापली की दुसरीकडे सुटेल. खरं काम एकच होतं, गाठ कापायची, जुनी तार उलगडायची आणि नवी भरायची. एका दुपारचं काम.

त्याने जोड दिला. भिंगाखाली श्वास रोखून, दोऱ्याला धक्का न लावता, इतक्या नाजूक हाताने की असं काम त्याच्याकडूनही पुन्हा झालं नसतं. मग टेबलावर ठिणगी पाहिली. निळी, टणक ठिणगी पडली. शेगडी हाताशीच होती, वर कॉफी उकळत होती. त्याने शेजारच्या जागेकडे पाहिलं, कॉफी उतरवली आणि शेगडी बंद केली. उत्तर माहीत होतं, म्हणून त्याने विचारलंच नाही. डबीत नवी राळ ओतली आणि बाल्दिरीकडे स्वतः नेऊन दिली.

"झाली?" बाल्दिरीने विचारलं.

"झाली."

बाल्दिरी हसला. "बघितलंस, माझी बहीण अजून मला ओढून नेते." तो इतका खूश होता की त्याने नार्सिसच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच थापेने त्याला खोकल्याची उबळ आली.

सान क्रिस्तोफोलच्या दिवशी सकाळपासूनच तापलेलं होतं. बाल्दिरी इस्त्रीचा शर्ट घालून, लेक तेक्लाच्या हाताला धरून गाडीवर बसला आणि पहिल्या किकला गाडी सुरू झाली. रांगेत लोकांनी त्याला मुद्दाम पुढे घेतलं. नार्सिस चढाच्या वर, चर्चच्या सावलीत उभा होता. खिशात त्याने ओलं फडकं ठेवलं होतं. डबीला लावून तिला गार करायला म्हणून घेतलेलं ते फडकं त्याच्या मांडीला ओल देत होतं, आणि त्या ओलीकडे लक्ष जाऊ नये म्हणून तो जाणाऱ्या-येणाऱ्याशी उगाच बोलत होता.

पुढे कुणाचा तरी ट्रॅक्टर वळणावर अडकला. रांग थांबली. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला लागत नाही. बाल्दिरी शांत बसून होता, एक पाय जमिनीवर, चेहरा पाद्र्याकडे. ट्रॅक्टर निघाला, रांग हलली, पाण्याचे शिंतोडे आता दिसायला लागले. एक ट्रक गेला. एक मोटार गेली. बाल्दिरीच्या पुढे आता फक्त पाववाल्याची व्हॅन होती. तेवढ्यात त्याच्या इंजिनाचा ठेका चुकला. एकदा, दोनदा. मग आवाजच गेला.

त्याने किक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या किकला त्याचा पाय घसरला आणि तो हँडलवर ओणवा झाला. तेक्ला ओरडली. नार्सिस फडकं घेऊन धावला, टाकीखाली हात घालून ते डबीवर दाबून धरलं. फडक्यातून वाफ आली.

पाद्री दोन पावलं पुढे आला. नवाच होता, चांगला होता. "असू द्या आजोबा, मी टाकतो पाणी. देव काय इंजिन बघतो का?"

"बंद गाडीवर नको," बाल्दिरी कसाबसा म्हणाला. "मागे व्हा." मग मान वळवून त्याने नार्सिसकडे पाहिलं. आवाज अगदी खाली होता. "तापवून बघितली होतीस?"

मागे सगळी इंजिनं चालू होती, कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. नार्सिसला हो म्हणता आलं असतं. "नाही," तो म्हणाला.

बाल्दिरीने मान हलवली. "बाजूला घ्या मला," तो तेक्लाला म्हणाला. त्यांनी गाडी रांगेतून काढली, तोंड उताराकडे केलं आणि तो बंद गाडीवर बसून, ब्रेक दाबत, लोकांच्या मधून खाली निघून गेला. इस्त्रीच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

नार्सिसला त्याच्या घरी जायला धीर व्हायला बरेच दिवस गेले. गेला तेव्हा बाल्दिरी खिडकीशी खुर्चीत होता, नाकाला नळी लावलेली.

"डबी दे, मेहुण्या. नीट करतो. नवी कॉइल भरतो."

"आता? कशाला?"

"पुढच्या सान..." नार्सिस मध्येच थांबला.

"बोल ना. पुढच्या सान क्रिस्तोफोलला." बाल्दिरीने नळी सारखी केली. "ती असती ना, तिनेच कात्री घेतली असती. माझ्यासाठी काय, कुणासाठीही घेतली असती. ती गेलीय, नार्सिस. मी होतो अजून. तू तिला जपलंस आणि मला पाठवलंस त्या चढावर."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा नाव घेतलं होतं. नार्सिस टोपी हातातच घेऊन घरी आला.

थंडीच्या तोंडावर, रस्त्यावर भाजलेली चेस्टनट विकायला आली त्या दिवसांत बाल्दिरी वारला. नार्सिस चर्चमध्ये सगळ्यांत मागे उभा होता. पुढे ये म्हणून कुणी त्याला बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. काही दिवसांनी तेक्ला गाडी ढकलत त्याच्या अंगणात घेऊन आली.

"बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलीय, काका."

"मला? का?"

तेक्लाने मान खाली घातली. तिला सांगायचं नव्हतं, पण निरोप तो निरोप. "म्हणाले, त्याला देऊन टाक. त्याची बायको आहे तिच्यात."

ती गेल्यावर नार्सिसने गाडी भिंतीला लावली आणि टाकीखालून डबी काढली. ओव्हनमध्ये ठेवली, राळ कोरली. स्वतःचा तो नाजूक जोड अजून शाबूत होता. तार पलीकडे, खालच्या वेढ्यात सुटली होती, त्याला वाटलं होतं तिथेच. त्याने कात्री घेतली आणि या वेळी थांबला नाही. गाठीच्या अलीकडे कापून तो दोरा अख्खा काढायचा, कपांमागे ठेवायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. चिमट्याने टोक धरून त्याने हलकेच ओढलं. दोरा सुटला नाही, तुटलाही नाही. इतकी वर्षं राळेत भाजून निघालेला तो दोरा चिमट्यात जांभळी पूड झाला आणि टेबलावर सांडला. त्याने उरलेली गाठ बोटाने चाचपली, तीही गेली. फळीवरच्या सगळ्या डब्यांमध्ये हेच होतं. तो जपत होता ते आत केव्हाच नव्हतं.

तो खूप वेळ रडला. मग टेबल पुसलं आणि तार भरायला घेतली.

नवी कॉइल झाली. शेवटच्या वेढ्याला त्याने साध्या काळ्या दोऱ्याने गाठ मारली. रेमेईसारखं टोक आत सरकवायचा प्रयत्न केला, पण फुगवटा राहिलाच. डबी शेगडीवर ठेवली, हात लावून बघितला, चटका बसला, तरी ठिणगी पडतच राहिली. मग ती गाडीला बसवली आणि किक मारली.

त्याने गाडी अंगणात, भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशी उभी ठेवली. त्या चढावर उभी होती तितका वेळ झाला, त्याच्यापेक्षा जास्त झाला. धूर समोरच्या गॅलऱ्यांपर्यंत गेला. शेवटी समोरच्या गॅलरीतून शेजारची केराल्त म्हातारी कडाडली, "नार्सिस! बंद कर ते! एवढा वेळ कुणासाठी चालू ठेवलीयस?"

नार्सिसने टाकीखाली हात घातला. डबी इतकी तापली होती की बोटं ठेवणं अशक्य होतं, आणि इंजिनाचा ठेका एकदाही चुकला नव्हता. त्याने गाडी बंद केली नाही. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालत राहिली, आणि तो तिच्याशेजारी उभा राहिला.